‘दम लागतो’ म्हणणाऱ्या बाईला काय विचारायचं?



फिजिओथेरपीची ही पदवी घेऊन तुमच्यातले काही जण सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत कामगारांच्या तपासणीला जातील. कापड, रसायनं, औषधं बनवणाऱ्या कारखान्यांतली एखादी बाई तुम्हाला सांगेल, ‘दम लागतो.’ तिचं नीट ऐकायचं कसं, एवढंच आज बोलतो.

श्वास आत ओढण्याचं मुख्य काम श्वासपटल करतं. त्याला जन्मभर विसावा नाही, म्हणून त्याचे साधारण निम्मे तंतू सावकाश आकुंचन पावणारे आणि सहज न थकणारे असतात. वयात येताना टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मुलांचे स्नायू भरदार करतं. पुढे श्वास ओढण्याचा कमाल जोर मोजला, तर तो स्त्रियांत पुरुषांपेक्षा सरासरी पाव ते एक तृतीयांश कमी भरतो. पण जोर कमी म्हणजे चिकाटी कमी नव्हे. दमवणाऱ्या व्यायामानंतर निरोगी स्त्रियांचं श्वासपटल पुरुषांपेक्षा कमी थकलेलं प्रयोगांत आढळलं आहे.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन मेंदूतल्या श्वसनकेंद्राला चालना देतं. दर मिनिटाला घेतली जाणारी हवा 30 ते 50 टक्क्यांनी वाढते. वाढतं गर्भाशय श्वासपटलाला सुमारे 4 सेंटिमीटर वर सरकवतं, तरी त्याचा जोर टिकतो. श्वसनाच्या या वाढीव चालनेमुळे निरोगी गरोदर बाईलाही दम लागल्यासारखं वाटतं. मात्र तोच दम रक्तक्षयाचा असू शकतो, कापसाच्या धुळीचाही असू शकतो. धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते. हा आजार कायद्याने कळवायच्या व्यवसायजन्य आजारांत मोडतो. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन उतरतं, आणि त्या काळात फुप्फुसांची क्षमता अधिक वेगाने घटताना पाहण्यांत दिसली आहे. नेमकी तेव्हाच कामगार बाईची धुळीतली वर्षंही साठलेली असतात.

म्हणून तिला विचारा: दम कधी लागतो? सुट्टीच्या दिवशी उतरतो का? दिवस गेलेत का? पाळी चालू आहे का? तिच्या श्वासाच्या तपासणीचा आकडा तिच्याच वयाच्या, उंचीच्या स्त्रियांशी ताडून पाहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्याच मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडा. ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून कागद बाजूला सारू नका, आणि सगळा दोष संप्रेरकांवर टाकून धुळीला मोकळं सोडू नका.

हे प्रश्न मुकादमासमोर विचारायचे नाहीत. तिची उत्तरं तिला कामावरून काढायचं निमित्त होता कामा नयेत. निदान धुळीकडे बोट दाखवत असेल, तर ते व्यवस्थापनाला लेखी कळवण्याचं धैर्य ठेवा. आज हाती आलेल्या पदवीने तुम्हाला हा दम ओळखण्याचं ज्ञान दिलं आहे. त्याचा पहिला हक्क त्या कामगार बाईचा आहे.