डासातील जिवाणू आणि आपले आरोग्य
(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आम्ही केलेल्या रुग्णसेवेचा हिशेब आपणासमोर ठेवतो. आज मात्र रुग्ण दवाखान्यात येण्याच्या आधीच्या गोष्टीविषयी, म्हणजे रोग घरापर्यंत आणणाऱ्या डासाविषयी, चार शब्द बोलण्याची अनुमती घेतो.

आपला कवठे महांकाळ तालुका अवर्षणप्रवण. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आले, द्राक्षबागा बहरल्या. पण घरातील बॅरल, हौद आणि रांजण काही हलले नाहीत. ज्याने टँकरची वाट पाहिली आहे, तो साठवलेले पाणी सहजासहजी ओतून देत नाही. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरविणारा एडीस इजिप्ती हा डास नेमक्या अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून दुष्काळी मुलखाला डासांचे भय नाही, हा समज खरा नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शी येथे १९७३ साली चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. पुढे सुमारे तीन दशके हा रोग देशातून दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये पुन्हा उसळला. या दोन्ही रोगांच्या विषाणूंवर खात्रीचे औषध आजही नाही. ताप उतरविणे, शरीरातील पाणी टिकविणे आणि रुग्णावर बारीक लक्ष ठेवणे, एवढेच आमच्या हाती असते.

डास मारण्यासाठी आपण फवारणी करतो, धूर करतो. परंतु तेच कीटकनाशक वारंवार वापरले की डास त्याला दाद देईनासे होतात. म्हणून शास्त्रज्ञांनी निराळा विचार केला. डासाच्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूंनाच या कामी लावता येईल काय?

१९२४ साली अमेरिकेत हर्टिग आणि वोल्बाक या संशोधकांना क्युलेक्स डासांच्या पेशींमध्ये एक जिवाणू आढळला. पुढे १९३६ साली त्याला ‘वोल्बाकिया’ हे नाव मिळाले. तो आईकडून अंड्यांवाटे संततीत जातो. हा जिवाणू असलेल्या नराचा जिवाणू नसलेल्या मादीशी संयोग झाला, तर अंडी फुटत नाहीत. मादीत जिवाणू असेल, तर मात्र पिल्ले जगतात आणि त्यांच्यातही तो उतरतो. अशा रीतीने काही पिढ्यांत तो सर्व डासांत पसरू शकतो. १९६७ साली ब्रह्मदेशातील ओक्पो या खेड्यात लाव्हेन या शास्त्रज्ञाने जुळणी न होणारे नर सोडून तेथील क्युलेक्स डासांचा वंश संपविला. यामागे वोल्बाकियाच आहे, हे १९७१ साली सिद्ध झाले.

एडीस इजिप्तीमध्ये हा जिवाणू सहसा आढळत नाही. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी फळमाशीतील वोल्बाकिया सूक्ष्म सुईने त्याच्या अंड्यांत घातला. तेव्हा असे दिसले, की या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. डास चावतो, पण रोग पसरविण्याची त्याची ताकद घटते. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात या पद्धतीची काटेकोर चाचणी झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी, तर रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी आढळले.

आपल्या देशातही हे काम चालू झाले आहे. पुदुच्चेरी येथील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कीटकजन्य रोग संशोधन केंद्राने स्थानिक एडीस डासांत वोल्बाकिया उतरवून दोन वाण तयार केल्याचे २०२२ साली जाहीर झाले. आपल्या पुण्यातही राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे, डॉ. मिलिंद पाटोळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी डासाच्या आतड्यातील जिवाणूंचा अभ्यास केला आणि २००२ साली क्युलेक्स डासातून मिळालेल्या एका जिवाणूची नवी प्रजाती म्हणून नोंद केली. डासाच्या पोटात कोण राहते, हे कळल्यावाचून त्याला कामाला लावता येत नाही.

येथे एक जुना धडा आठवतो. १९७० च्या सुमारास दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी डासांच्या जननिक नियंत्रणाचा प्रकल्प सुरू केला होता. वृत्तपत्रांतून शंका उठल्या, लोकांत संशय पसरला आणि १९७५ मध्ये तो बंद पडला. शास्त्र कितीही चोख असो, आपल्या घराभोवती डास कोणी आणि कशासाठी सोडले, हे ज्याला सांगितले नाही, तो माणूस विश्वास कसा ठेवणार? उद्या अशी योजना आपल्या भागात आलीच, तर प्रत्येक वाडीवस्तीवर तिची माहिती देणे आणि लोकांचे प्रश्न निमूटपणे ऐकून घेणे, हे आमच्यासारख्या संस्थांचे पहिले कर्तव्य राहील.

तोवर आपल्या हाती काय आहे? एडीसच्या अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावयाचा असतो. परंतु नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी टिकतात. ती घासूनच काढावी लागतात. ज्या हौदाचे पाणी ओतणे परवडत नाही, त्यावर घट्ट झाकण बसवावे किंवा त्यात गप्पी मासे सोडावेत. आशा भगिनी घरी आल्या, तर त्यांना बॅरल दाखविण्यास संकोच करू नये. आणि ताप आल्यास मनाने वेदनाशामक गोळ्या न घेता वेळीच तपासणीस यावे.

निसर्गाने डासाच्या शरीरात ठेवलेला सूक्ष्म जीव उद्या आपला सोबती होईल, अशी आशा आम्ही बाळगतो. परंतु त्या सोबत्याची वाट पाहत बॅरल उघडे ठेवणे आपणांस परवडणारे नाही.