माघारीचे धैर्य

(नागपूर येथे तरुण गिर्यारोहक आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संकलित शब्दांकन)



नागपूर हे समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर उंचीवरचे, मैदानी प्रदेशातील शहर. तरीही डोंगराची ओढ या शहराला नवी नाही. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास विदर्भातील सहस्रावधी भाविक पचमढीच्या नागद्वारीला जातात. भर पावसात निसरड्या पायवाटा तुडवीत, कड्यांना लावलेल्या लोखंडी शिड्या चढत-उतरत ते पद्मशेषाच्या गुहेपर्यंत पोचतात. वाटेत नागपूरची मंडळे त्यांच्यासाठी अन्नछत्रे चालवितात. आजी-आजोबा ज्या ओढीने नागद्वारीला गेले, तीच ओढ आज नातवंडांना सह्याद्रीच्या कड्यांवर आणि हिमालयाच्या शिखरांवर नेते. त्यामुळे डोंगरावर जाऊ नका, असे सांगण्यासाठी हे व्याख्यान नाही. गेलेला प्रत्येक जण घरी परतावा यासाठी कोणते धैर्य लागते, आणि एखादा परतलाच नाही तर मागे राहिलेल्यांनी काय करावे, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यायचे आहेत.

प्रथम डोंगर समजून घेतला पाहिजे. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेला पर्वत आहे. कठीण थराचा सरळसोट कडा होतो, तर मऊ थर झिजून त्याचा उतार होतो. या उतारावर सुटी माती आणि बारीक खडे साचतात. यालाच डोंगरभटके ‘घसारा’ म्हणतात. पावसाळ्यात कातळावर शेवाळे धरते आणि हिवाळ्यानंतर वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो. उन्हाळ्यात तापलेल्या खडकावर अंगातील पाणी आटते आणि चांगल्या धडधाकट माणसाला भोवळ येते. पाहणाऱ्याला यातील एकही धोका मोठा वाटत नाही. परंतु कड्याच्या धारेवर एक चुकलेले पाऊल पुरेसे असते.

दुसरी गोष्ट उतरणीची. चढताना माणूस सावध असतो, कारण दम लागतो आणि समोर ध्येय दिसते. उतरताना ध्येय साध्य झालेले असते आणि मन सैल पडते. मांड्यांचे स्नायू थकलेले असतात, गुडघ्यांवर भार येतो, पाणी संपत आलेले असते आणि दऱ्यांत अंधार लवकर उतरतो. नेमकी याच वेळी घाई होते. वस्तुतः शिखर हा प्रवासाचा मध्य आहे, शेवट नव्हे. मोहीम पूर्ण होते ती घराच्या उंबरठ्यावर.

अनुभव असला की धोका टळतो, असा एक समज आहे. सांधण दरीची ओळख गिर्यारोहकांना करून देण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, दोराच्या साहाय्याने कडा उतरण्याच्या मोहिमेत दगावले. कित्येकांना डोंगर शिकविणारा तो माणूस होता. त्यांच्या जाण्यातून एवढेच ध्यानी घ्यायचे की, डोंगर कोणाचीही ज्येष्ठता पाहत नाही. जो अनुभवी आहे, त्यानेही प्रत्येक गाठ पुन्हा तपासली पाहिजे.

मे २०१९ मध्ये एव्हरेस्टच्या शिखरधारेवर गिर्यारोहकांची लांबच लांब रांग लागल्याचे छायाचित्र जगभर पाहिले गेले. त्या वर्षी नेपाळने ३८१ परवाने दिले होते आणि त्या हंगामात ११ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ठाण्याची एक महिला गिर्यारोहकही होती. शिखर गाठून उतरत असताना तिचा अंत झाला. आठ हजार मीटरच्या वर हवेतील प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश उरतो. अशा ठिकाणी रांगेत गेलेला प्रत्येक तास शरीरातील शक्ती हिरावून घेतो. म्हणूनच जबाबदार नेता शिखराकडे निघण्यापूर्वीच परतीची वेळ ठरवितो. ती वेळ झाली की शिखर शंभर पावलांवर असले तरी मागे फिरायचे. ‘एवढे आलोच आहोत तर’ या चार शब्दांनी आजवर अनेकांना दरीत लोटले आहे.

आपल्याकडे माघारीला पराभव मानण्याची सवय आहे. पुढे जाणाऱ्याचे सत्कार होतात, वेळेवर मागे फिरलेल्याची कोणी दखल घेत नाही. पण सहकाऱ्यांच्या नाराजीला न जुमानता ‘आज येथूनच परत’ असे म्हणणे, हे कडा चढण्याहून अवघड आहे. तरुणांनी हे धैर्य शिकले पाहिजे, आणि रिकाम्या हाताने परतलेल्या मुलाचेही पालकांनी तेवढ्याच अभिमानाने स्वागत केले पाहिजे.

आता दुसरा प्रश्न. इतके करूनही कोणी गेलेच तर? अशा घरी भेटायला येणारे पहिला प्रश्न विचारतात तो, ‘तुम्ही जाऊ कसे दिले?’ दुःखावर अपराधाचे ओझे चढविणारा दुसरा प्रश्न नसेल. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेले असते. खरा एकांत सुरू होतो तो त्यानंतर. त्या काळात येऊन बसणारा, गेलेल्याचे नाव न टाळता त्याच्याविषयी बोलणारा माणूस हवा असतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेला सोबती तर बहुधा विसरलाच जातो. ‘मीच का वाचलो?’ हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. आई-वडिलांनी एकदा त्याला जवळ बोलावले, तर दोन्ही घरांचा भार हलका होतो.

दुःखाला दिशा देता येते. २००६ मध्ये महाराष्ट्रातील एका दांपत्याचा मुलगा हिमालयातील मोहिमेत मृत्युमुखी पडला. ते दैवाला दोष देत बसले नाहीत. साहसी उपक्रमांना सुरक्षेचे नियम असावेत, म्हणून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१४ मध्ये शासनाची नियमावली आली. काही नियम व्यवहार्य नाहीत असे आक्षेप गिर्यारोहकांनी घेतले, वाद झाले. २०१८ मध्ये सुधारित नियम आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आले. आपला मुलगा परत येणार नाही, हे ठाऊक असूनही इतरांच्या मुलांसाठी त्या माता-पित्यांनी वर्षानुवर्षे झगडा दिला.

२८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत कोसळली आणि ३० जण मृत्युमुखी पडले. तेव्हा पावसात, धुक्यात दोर लावून दरीत उतरले ते परिसरातील ट्रेकर. छंद म्हणून शिकलेली विद्या त्या दिवशी ३० कुटुंबांच्या उपयोगी पडली. आप्तांचे अंत्यदर्शन त्या घरांना घडले, ते या अनोळखी तरुणांमुळे.

गेलेल्याला ‘वीर’ म्हणून हार घालणे सोपे असते. अपघात का झाला, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणे आणि पुढच्या तुकडीला सांगणे कठीण असते. त्यात कोणाला दोषी ठरवायचे नसते, पुढच्याचा पाय वाचवायचा असतो. पुढच्या मोहिमेवर निघणाऱ्या प्रत्येकाने पाठपिशवीत दोर, पाणी आणि विजेरी ठेवावी, आणि निघण्यापूर्वी परतीची वेळ घरी सांगून जावे. ती वेळ पाळणे, हेच न परतलेल्यांचे खरे स्मरण होय.