मानलेल्या घराचा दुसरा भाग



आवडलेल्या पुस्तकाचा दुसरा भाग हाती आला म्हणजे आनंदाबरोबर थोडी धास्तीही वाटते. फार वर्षांनी आजोळी जाताना वाटते तशी. ओसरी तशीच असेल ना? माणसे आपल्याला ओळखतील ना? अमेरिकन लेखक टी. जे. क्लून यांच्या 'द हाउस इन द सिरुलियन सी' या कादंबरीचा पहिला भाग २०२० साली निघाला. तो आम्ही दोन रात्रींत संपविला. २०२४ साली निघालेला दुसरा भाग, 'समव्हेअर बियाँड द सी', मात्र कपाटात चार महिने तसाच पडून होता. मन धजत नव्हते. अखेर तो वाचला, आणि त्यातून जो विचार सुचला तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

ज्यांनी हे पुस्तक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. लायनस बेकर हा चाळिशीचा, एकटा राहणारा सरकारी कारकुनी माणूस. सोबतीला एक मांजर. जादूचे अंग घेऊन जन्मलेल्या मुलांची अनाथालये तपासणे, हे त्याचे काम. एका दूरच्या बेटावरील घर तपासून महिनाभरात अहवाल द्यावा, असा हुकूम त्याला होतो. तेथे सहा मुले असतात. एक बागेत रमणारी दाढीवाली बुटकी मुलगी, एक वनदेवता, एक पंखांचे सर्पपाखरू, एक हिरवा गोळा (याला मोठेपणी हॉटेलात सामान उचलणारा नोकर व्हावयाचे आहे!), भ्यायला की कुत्र्याचे पिलू होणारा एक मुलगा, आणि सहावा, वय वर्षे सहा, प्रत्यक्ष सैतानाचा पुत्र. या सर्वांना सांभाळणारे गृहस्थ आर्थर पार्नासस. तपासनीस महिनाभर राहतो, मुलांच्या पंक्तीला जेवतो, आणि शेवटी त्या घराचाच एक माणूस होऊन जातो.

अशा घराला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे. आपण म्हणतो, 'मानलेला' भाऊ, 'मानलेली' बहीण. नाते रक्ताचे नसले तरी मनाने मानले की ते झाले. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी वाचला असेल, किंवा पुढे दूरदर्शनवर पाहिला असेल. तो असाच परक्या घरात येऊन घरचा झालेला पोरका मुलगा. त्याच्या गोष्टीचेही एका भागावर भागले नाही; तीन भाग झाले. मानलेल्या घराची गोडीच अशी आहे की वाचक दारातून निघावयास तयार नसतो.

पण येथेच अडचण सुरू होते. पहिल्या भागात मुलाला घर मिळते. मग दुसऱ्या भागात काय घडावयाचे? सुखाचे रोजचे जेवण आणि रोजची झोप यांची कथा होत नाही. आम्ही थोडे मागे वळून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की मानलेल्या घराचा दुसरा भाग फार जुन्या काळापासून एकाच रीतीने सुरू होत आला आहे. दारावर थाप पडते!

गोकुळ घ्या. नंद-यशोदेचे घर हे मानलेले घरच. लोणी, गाई, यमुना, सगळे कसे आनंदात चालले आहे. आणि एके दिवशी अक्रूराचा रथ दाराशी येतो. कृष्ण मथुरेला जातो आणि यशोदेचा अंगणातला कान्हा तिला पुन्हा मिळत नाही. आता कर्ण घ्या. नदीत सोडलेले मूल अधिरथाने घरी नेले आणि राधेने आपले म्हणून वाढविले, हा झाला पहिला भाग. दुसरा भाग उद्योगपर्वात आहे. तेथे थाप मारावयास स्वतः कृष्ण येतो. तू कुंतीचा पुत्र आहेस, चल, राज्य तुझे आहे, असे सांगतो. कर्ण ते नाकारतो. मला पाहताच मायेने राधेला पान्हा फुटला, अधिरथाने माझे संस्कार केले, नाव ठेवले. पृथ्वीचे राज्य मिळाले तरी ते नाते मी तोडणार नाही, असा त्याच्या उत्तराचा भाव आहे. कृष्ण गेला, कर्ण राहिला. पण थाप दोन्ही दारांवर पडली.

क्लूनच्या दुसऱ्या भागातही तेच होते. पहिला भाग लायनसच्या नजरेने लिहिला होता. हा आर्थरच्या नजरेने आहे. आर्थर व लायनस हे दोन पुरुष आता जोडीदार म्हणून संसार करीत आहेत. हिमप्रदेशातला डेव्हिड नावाचा एक नवा मुलगाही घरात आला आहे. आर्थरचे स्वतःचे बालपण अशाच सरकारी छत्राखाली हालअपेष्टांत गेले. त्याची साक्ष देण्यासाठी त्याला शहरात बोलाविले जाते. तेथे साक्ष बाजूला राहते आणि त्यालाच आरोपीसारखे उभे केले जाते. मग बेटावर पुन्हा तपासणी येते, आणि या वेळच्या बाईंचे मन आधीच ठरलेले असते. शेवट सांगून आम्ही आपला आनंद हिरावून घेणार नाही.

पुष्कळ वाचकांस या भागात पहिल्याची ऊब वाटत नाही. ही तक्रार आम्हांस अर्धी मान्य आहे. दुष्ट माणसे फार सोप्या रंगाने रंगविली आहेत आणि पात्रे कधी कधी आमच्यासारखी व्यासपीठावरून बोलू लागतात. परंतु एका गोष्टीसाठी आम्ही लेखकाचे ऋणी आहोत. पहिल्या भागात ते घर वाचले, कारण सुदैवाने चांगला तपासनीस आला आणि त्याचे मन वळले. वाचताना आपण डोळे पुसले, आणि एक प्रश्न विचारावयाचा विसरलो. चांगला तपासनीस आला नसता तर? कोणाचे मन वळते की नाही यावर मुलांचे घर किती दिवस टांगून ठेवावयाचे? दुसरा भाग हा प्रश्न विचारतो. माया घर उभे करते. पण ते टिकण्यासाठी हक्क लागतो.

आपल्याकडे या हक्काची वाट पाहा. जुन्या शास्त्राप्रमाणे दत्तक घ्यावयाचा तो मुख्यतः मुलगा, पिंडदानासाठी आणि वंशासाठी. मुलगी दत्तक घेण्याची सोय १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने सर्व हिंदूंना करून दिली. आज २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येते, आणि तो हुकूम सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मात्र जोडप्याला लग्नाची दोन वर्षे स्थिर संसारात गेलेली असावी लागतात, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. दोन पुरुषांच्या विवाहाला मान्यता देण्याचे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारले. दोघांनी मिळून मूल दत्तक घेण्याची वाटही त्या निकालाने उघडली नाही. म्हणजे आर्थर आणि लायनस उद्या पनवेलला राहावयास आले, तर त्या मुलांचे ते दोघे मिळून कायद्याने पालक होऊ शकणार नाहीत. याविषयी आपले मत काहीही असो. मुलाच्या बाजूने पाहिले, तर रात्री तापात उशाशी बसणाऱ्या दोघांपैकी एकाचे नाव कागदावर नाही, एवढे खरे उरते.

आणि कादंबरीपर्यंत तरी कशाला जावे? पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. ज्यांना या रोगापायी स्वतःचे घर परके झाले, त्यांच्यासाठी अशा वसाहती मायेने उभ्या राहिल्या. तो पहिला भाग. दुसऱ्याला किती काळ लागला पाहा. निराधार कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, ते २०१९ साली निघाले. रोग औषधाने पुरता बरा होऊ लागल्याला तोपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता! सेवकांनी दार केव्हाच उघडले होते. कागदावरचे दार उघडण्यास एवढा विलंब झाला.

म्हणून दुसऱ्या भागाला भिऊ नये, असे आम्हांस वाटते. पहिला भाग वाचून आपण म्हणतो, किती चांगली माणसे आहेत! दुसरा भाग वाचून म्हणावे लागते, यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. पहिले म्हणणे सोपे असते, आणि ते म्हणून पुस्तक मिटता येते. दुसरे म्हटल्यावर पुस्तक मिटले तरी काम शिल्लक राहते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मानलेले कोणी ना कोणी असेल. पोरका भाचा, शेजारचे मूल, कामाला येऊन घरचीच झालेली एखादी मावशी. त्यांना आपण मायेने जेवू घालतो. आज घरी गेल्यावर एवढेच पाहावे, की उद्या दारावर थाप पडली, तर या माणसाला 'हे माझे घर आहे' असे सांगता येईल का? येत नसेल, तर त्या घराचा दुसरा भाग अजून लिहावयाचा राहिला आहे, आणि तो आपल्याच हातून लिहिला जावयाचा आहे.