'ढ' कुणी ठरवलं?

(जुहूच्या नेहरूनगरात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत पोती उचलणारा माणूस. मॅट्रिक झालो, कविता करतो. भाषणाची सवय नाही. पण आज माझ्या धाकट्या भावाबद्दल बोलणार आहे.

त्याचा 'भ' आणि 'म' एक व्हायचा. तोंडी विचारा, सगळं सांगायचा. वहीवर अक्षरं पळायची. मास्तर आईला म्हणाले, "ढ आहे. तुमच्यात अभ्यासाचं वळणच नाही." म्हणजे पोराची अडचण जातीच्या खात्यात टाकली! सातवीत शाळा सुटली. आज तो चहाच्या टपरीवर चाळीस गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ ठेवतो. हा ढ?

याला अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी शाबूत असते. वाचन, लेखन किंवा गणित अडतं. बौद्धिक अक्षमता वेगळी. तिथे समजून घ्यायला, रोजचे व्यवहार करायला आधार लागतो. दोन्हींत लाज वाटण्यासारखं काही नाही. दोन्हींना हक्क आहेत.

मुंबईत बौद्धिक अक्षम मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ साली निघाली. अध्ययन अक्षम मुलांना दहावीला सवलती द्यायला महाराष्ट्र सरकारने १९९६ साली सुरुवात केली: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी. त्याच साली मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. २००७ साली 'तारे जमीन पर' आला, सगळा देश रडला. १९९५च्या कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६च्या कायद्याने ती २१ अपंगत्वांत धरली.

मग माझ्या भावाला काय मिळालं? टपरी.

आई इथल्याच एका बंगल्यात धुणीभांडी करते. तिथल्या पोराची अडचण हीच. त्याला दाखला मिळाला, शिकवणी मिळाली, लेखनिक मिळाला. आई त्याच खोलीची फरशी पुसत होती. तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी दाखल्यासाठी सायनच्या पालिका इस्पितळात खेपा घालायच्या, म्हणजे खाडे. खाडा झाला की चूल थंड.

आणि मी? मीही त्याला 'ढ' म्हणून टपल्या मारल्यात. हे कबूल केल्याशिवाय मला मास्तरला शिव्या द्यायचा अधिकार नाही.

म्हणून सांगतो, वस्तीत गट करा. एकटी आई शाळेत गेली तर तिला दारातून परत पाठवतात. दहा आया अर्ज घेऊन जाऊ द्या, अर्जाची पोच घेऊ द्या. इस्पितळात पाळीपाळीने सोबत जा, बुडालेली मजुरी वाटून घ्या. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तो मागा. बौद्धिक अक्षम पोर अठराचं झालं की पालकत्वाचा प्रश्न येतो. त्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती असते. तिथेही गटानेच जा. गोदीत एकट्याने ओझं ओढलं तर कंबर मोडते. टोळी लागली की जहाज रिकामं होतं.

शेवटचं. या गटात फक्त आईबाप नकोत. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते स्वतः हवेत. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला, भारताने २००७ साली मान्य केला. तो घडवताना जगभरच्या अपंगांची एकच मागणी होती: आमच्याबद्दल आमच्याशिवाय काही ठरवू नका. ही मागणी आपल्याला नवी आहे का?

माझा भाऊ मागे बसलाय. आता तो बोलेल. अडखळला तर थांबा, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.

जयभीम.