‘इतर’ नावाचा रकाना



अध्यक्षपदासाठी निवड केलीत, मनापासून आभारी आहे. अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा असा शिरस्ता आहे. पूर, दरडी, वादळं यांचे अहवाल तुमच्या हाती आहेतच. मी आज एकाच रकान्याबद्दल बोलणार आहे. तीस वर्षांहून अधिक काळ हे बोलायचं राहून गेलं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपाने हादरला. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. हजारो माणसं त्याखाली गेली. पाचव्या दिवशी मी एका परदेशी मदतसंस्थेचा गरजांचा तक्ता घेऊन औसा तालुक्यातल्या एका गावात उभा होतो. तंबू, ब्लँकेट, भांडी, औषधं, धान्य असे रकाने. एका आजींना विचारलं, काय पाहिजे? घरातली तीन माणसं गेलेली ती बाई म्हणाली, “लेकरा, ज्वारी पेरायचे दिस हायत. बी ढिगाऱ्याखाली हाय, तिफण मोडली. बैलं वाचलेत, त्यांच्या कडब्याचं बघ.”

मी ‘इतर’ या रकान्यात खूण केली आणि पुढच्या पालाकडे वळलो.

पुढच्या उन्हाळ्यात परत गेलो, तेव्हा दावण रिकामी होती. चाऱ्यावाचून बैल विकले होते, शेत पडीक होतं. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दिलेली ब्लँकेटं तेवढी घडी घालून ठेवलेली होती.

सकाळच्या सत्रात वाद रंगला : पाहणी परदेशी तज्ज्ञांनी करावी की स्थानिकांनी? मित्रांनो, मी लातूरचाच. आजींची बोली माझ्या आईची बोली. तरीही मी ‘इतर’च लिहिलं, कारण रकाने देणाऱ्याच्या गोदामाकडे बघून पाडलेले होते. तक्ता बदलत नाही तोवर तो कोणाच्याही हाती द्या, उत्तर तेच येणार.

पुढे आपत्तीतल्या मदतीसाठी ‘स्फिअर’चे किमान निकष आले : माणशी रोज १५ लिटर पाणी, साडेतीन चौरस मीटर निवारा. त्यांच्यामुळे जीव वाचतात, ते हवेतच. पण माणसाला किती लागतं हे निकष सांगतात. आधी काय लागतं, ते त्या माणसालाच विचारावं लागतं.

भूकंपग्रस्त भागात जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावं नव्या जागी वसली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. त्या सरळ रेषेतल्या वसाहतींत घराच्या ओट्याशी बांधलेली जनावरं मी पाहिली आहेत. याच कार्यक्रमात जिथे दुरुस्ती घरमालकाच्या हाती दिली, हप्त्याहप्त्याने पैसे दिले, गावातल्या बायकांना संवाद सहायक केलं, तिथे लोकांनी आपल्या गरजेची घरं उभी केली. मग उरलेल्या ठिकाणी विचारायला आपली जीभ का अडते?

पुढची कामं थोडक्यात सांगतो. पहिला प्रश्न ‘काय उरलं आहे?’ असा असावा. पाहणी पेरणीच्या वेळापत्रकाशी जोडावी. महिन्याभराने त्याच दारी परत जावं. बाकी तपशील आपण मिळून ठरवू.

उद्या तुमच्यापैकी जो कोणी पहिल्या गावात पोचेल, त्याला माझी एवढीच विनंती : तक्ता पिशवीत ठेवा, आजींशेजारी बसा आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.