चांगला लिहिणारा कोण?



तुम्हाला आता लिहिता येऊ लागले. परवा एका भावाने आम्हाला विचारले, "गुरुजी, चांगला लिहिणारा कोणाला म्हणायचे? ज्याचे अक्षर मोत्यासारखे, तोच ना?" अक्षर चांगले असावेच. पण तेवढ्याने भागत नाही.

आपल्या बीड जिल्ह्यातलेच बघा. अंबाजोगाईजवळ मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांनी शके १११० मध्ये, म्हणजे सन ११८८ मध्ये, 'विवेकसिंधु' लिहिला असे मानतात. त्या काळी ज्ञानाचे ग्रंथ संस्कृतात असत. नांगर धरणाऱ्याला ते कसे कळावे? मुकुंदराजांनी ते ज्ञान मराठीत सांगितले.

दासोपंतही अंबाजोगाईलाच राहिले. सन १६१५ मध्ये ते वारले. त्यांनी चक्क पासोडीवर लिहिले. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे जाडेभरडे कापड, तुम्हाला ठाऊकच आहे. पण ही पासोडी केवढी! ४० फूट लांब, ४ फूट रुंद. तिच्यावर सुमारे १६०० ओव्या आहेत. माती, पाणी, तेज, वारा आणि आकाश, यांचे हे सगळे जग कसे झाले, ते त्यांत सांगितले आहे.

तुम्ही म्हणाल, ते संत. आम्हाला कुठे ग्रंथ लिहायचा आहे? खरे आहे. आपल्याला पत्र लिहायचे आहे.

मागे आमच्या वर्गात एक बाई होत्या. त्यांचा भाऊ ऊसतोडीला कारखान्यावर गेला होता. बाईंनी त्याला पहिले पत्र लिहिले, "इकडील सर्व क्षेम आहे." अक्षर सुरेख. आम्ही शाबासकी दिली. पत्र पेटीत पडले.

आठ दिवसांनी कळले, बाईंची आई अंथरुणावर आहे.

"अहो बाई, मग क्षेम कसे लिहिले?"

"पत्रात तसंच लिहितात ना, गुरुजी?"

चूक आमची होती. फळ्यावरचा आमचा नमुना त्यांनी जसाच्या तसा उतरवला होता. मग आम्ही म्हटले, भाऊ समोर बसला आहे असे समजा आणि बोला. त्या बोलल्या. मग तेच त्यांनी कार्डावर लिहिले:

"दादा, माय उठत नाही. भाकर खात नाही. रातच्याला तुझं नाव घेती. मुकादमाला सांग आन् निघ."

'रातच्याला' खोडून 'रात्री' करावे काय, असे क्षणभर मनात आले. पण आम्ही काही खोडले नाही. कार्ड पोचले त्याच रात्री भाऊ निघाला.