हार्ड डिस्कचा इशारा वेळीच ओळखा

(ग्वाल्हेर येथील दौलतगंज भागात मराठी कुटुंबे, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्वाल्हेरमधील मराठी वास्तव्य दोन शतकांहून जुने आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याजवळ तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. दौलतगंज हा त्या लष्करचाच एक भाग. जुन्या घराण्यांतून मोडी पत्रे, वंशावळी, लग्नकार्यांची छायाचित्रे आणि गाण्याच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे सांभाळून ठेवण्याची रीत आहे. आता हा ठेवा लॅपटॉपमध्ये उतरू लागला आहे. त्याच लॅपटॉपमध्ये शिक्षकांचे गुणतक्ते, कार्यालयांचे हिशेब आणि ग्रामपंचायतींचे ठरावही असतात. पेटीतील कागदाला वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसते. लॅपटॉपमधील हार्ड डिस्क मात्र बाहेरून धडधाकट दिसत असतानाच निकामी होऊ शकते. म्हणून तिची लक्षणे ओळखणे अगत्याचे आहे.

प्रथम या यंत्राची रचना पाहू. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेली फिरती चकती. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या व त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क तळहातावर राहते आणि तिच्यावर एखाद्या ग्रंथालयाइतका मजकूर बसतो. तिची चकती सामान्यतः मिनिटाला ५४०० फेरे घेते. मजकूर वाचणारे व लिहिणारे टोक चकतीला स्पर्श न करता तिच्यावर तरंगत असते. हे अंतर केसाच्या जाडीच्या कित्येक हजाराव्या अंशाइतके असते. धुळीचा साधा कणही त्याहून मोठा. चालू लॅपटॉप आदळला तर हे टोक चकतीवर घासून तेथील नोंद कायमची पुसली जाण्याचा संभव असतो. उष्णताही या यंत्राची वैरीण आहे. बहुतेक उत्पादक ६० अंश सेल्सिअस ही कामाची वरची मर्यादा देतात. ग्वाल्हेरच्या मे-जून महिन्यांत बाहेरचे तपमानच ४५ अंशांपर्यंत चढते. अशा दिवसांत लॅपटॉप गादीवर ठेवून त्याची हवेची छिद्रे बुजविल्यास आतील उष्णता मर्यादेजवळ जाण्यास वेळ लागत नाही.

आता लक्षणांकडे वळू. पहिले लक्षण कानाला कळते. निरोगी डिस्कची केवळ मंद घरघर येते. ठरावीक अंतराने टक्‌-टक्‌ असा आवाज येणे, काही घासल्यासारखे वाटणे, किंवा चकती फिरू लागून पुन्हा थांबणे, ही गंभीर चिन्हे होत.

दुसरे लक्षण मंदपणाचे. लॅपटॉप संथ होण्यास इतरही कारणे असतात. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. परंतु ठरावीक फाइल उघडताना यंत्र प्रत्येक वेळी गोठत असेल, किंवा नक्कल करताना काम एकाच जागी अडत असेल, तर संशय डिस्कवर घ्यावा.

तिसरे लक्षण मजकुरात दिसते. काल उघडलेली फाइल आज उघडत नाही, छायाचित्राचा अर्धा भाग करडा दिसतो, फोल्डरचे नाव विचित्र अक्षरांत बदलते. चौथे लक्षण यंत्र सुरू करताना आढळते. डिस्क तपासण्याची सूचना वारंवार येते, निळा पडदा दिसतो, किंवा डिस्क सापडत नाही असा संदेश येऊन दुसऱ्या प्रयत्नात यंत्र सुरू होते. दुसऱ्यांदा सुरू झाले म्हणून निर्धास्त होणे धोक्याचे आहे.

पाचवे लक्षण डिस्क स्वतःच नोंदवून ठेवते. तिच्यात ‘स्मार्ट’ नावाची स्वयंपरीक्षणाची व्यवस्था असते. क्रिस्टलडिस्कइन्फो यासारखा विनामूल्य प्रोग्राम त्या नोंदी वाचून दाखवितो. चकतीवरील खराब जागा टाळून किती जागा बदलून वापरल्या आणि किती जागा वाचता येत नाहीत, हे दोन आकडे विशेष पाहावेत. ते शून्यावर असणे उत्तम. वाढू लागले तर सावध व्हावे.

हे इशारे किती विश्वसनीय आहेत? गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यावर पुढील ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट अधिक असल्याचे त्यात दिसले. परंतु बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी स्मार्टमधील चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखविली नव्हती. तात्पर्य असे की, इशारा मिळाला तर तो खरा मानावा. मिळाला नाही म्हणून डिस्क सुरक्षित समजू नये. नव्या लॅपटॉपमधील एसएसडीत तर फिरता भाग नसल्याने आवाजही येत नाही आणि ती कित्येकदा एकाएकी बंद पडते.

लक्षण दिसताच काय करावे? अनेकजण प्रथम दुरुस्तीच्या मागे लागतात व डिस्क तपासणारे प्रोग्राम तासन्‌तास चालवितात. आजारी डिस्कवर त्याचा भार पडतो आणि उरलेले आयुष्य त्यातच सरते. आधी नक्कल, मग दुरुस्ती, हा क्रम कधीही मोडू नये. जे पुन्हा मिळणार नाही ते प्रथम बाहेरच्या डिस्कवर उतरवावे; प्रोग्राम व चित्रपट पुन्हा मिळतात. आवाज येत असेल आणि मजकूर अमोल असेल, तर यंत्र तत्काळ बंद करून मजकूर परत मिळविणाऱ्या जाणकाराकडे न्यावे. डिस्क घरी उघडणे किंवा शीतकपाटात ठेवणे यांसारखे ऐकीव उपाय सर्वस्वी टाळावेत.

तथापि, खरा उपाय लक्षण दिसण्यापूर्वीचा आहे आणि त्याचा दाखला ग्वाल्हेरच्याच इतिहासात आहे. ग्वाल्हेरची गायकी एकाच गळ्यात राहिली असती, तर त्या गळ्याबरोबर ती लोपली असती. परंतु वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी घेतली व महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. इकडे ग्वाल्हेरात कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ मध्ये विद्यालय काढून तीच विद्या येथेही राखली. अनेक गळे, अनेक गावे. म्हणून विद्या टिकली.

मजकुराचेही तसेच आहे. तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. मुंबईत २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक विभागांचे कागद भस्मसात झाले. एकाच वास्तूतील सर्व प्रतींना धोका एकच असतो, हा त्याचा धडा. गावातील घरी एक प्रत, परगावच्या नातेवाइकाकडे दुसरी, एवढी व्यवस्था साध्या कुटुंबालाही जमण्यासारखी आहे. शाळांनी व कार्यालयांनी हे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे. घेतलेली प्रत उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहावे, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

३१ मार्च हा दिवस हिशेब पुरे करण्याचा म्हणून सर्वांना परिचित आहे. २०११ पासून तोच दिवस जगभर प्रत घेण्याचा दिवस म्हणूनही पाळला जातो. मात्र डिस्क बंद पडण्यापूर्वी तारीख कळवीत नाही. ज्याच्याकडे आज एकच प्रत आहे, त्याने दुसरी आजच घ्यावी.